शेजारी कोणी ठरवायचा?

न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल गावात १९७० साली एका रविवारी गावचे महापौर जेकब्ज चॅपल नावाच्या छोट्या चर्चमध्ये आले. चर्च आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचं, म्हणजे कृष्णवर्णीयांचं. तिथं येणाऱ्यांमध्ये गावात सहा पिढ्या काढलेली घराणी होती. कष्टाच्या कामावर पोट भरणारी ही माणसं. कोणी पडक्या घरात, तर कोणी कोंबड्यांच्या खुराड्यात फेरफार करून केलेल्या खोलीत संसार करत होतं. फिलाडेल्फियाच्या आसपास नवी उपनगरं उठत होती, जमिनीचे भाव चढत होते आणि या कुटुंबांतल्या तरुण मुलांना स्वतःच्याच गावात घर मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी ३६ साध्या सदनिकांची योजना गावापुढं ठेवली होती. गावच्या झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या, नियमांत ती बसत नव्हती. महापौरांनी त्या दिवशी जे सांगितलं त्याचा मतलब असा होता, की ज्यांना इथं राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं.

याच मंडळींपैकी इथेल लॉरेन्स नावाच्या बाई, लहान मुलांना शिकवणाऱ्या, चर्चच्या कामात बुडालेल्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेबरोबर न्यायालयात गेल्या. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की वाढत्या गावाला आपल्या जमिनीचे नियम केवळ सुस्थितीतल्यांसाठी आखता येणार नाहीत; त्या परिसरातल्या अल्प उत्पन्नाच्या माणसांच्या घरांचा वाजवी वाटा अशा प्रत्येक गावानं उचलला पाहिजे. गावं हलली नाहीत, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयानं तोच निकाल अधिक कडक करून पुन्हा सांगितला. लॉरेन्सबाई १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत, १४० घरांची, २००० सालापासून उभी राहू लागली. ३० वर्षं गेली.

महापौरांचं ते उत्तर चर्चमध्ये दिलं गेलं, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा ज्या धर्माच्या मध्यभागी आहे, त्याच धर्माच्या वास्तूत शेजारी होऊ पाहणाऱ्यांना बाहेरची वाट दाखवली गेली. आणि दाखवणाराही बहुधा त्याच धर्माचा. त्याच्या अंगी दुष्टपणा होता असं मानायची गरज नाही. त्याच्यापुढं नियमाचं पुस्तक होतं आणि त्या पुस्तकात शेजारी कोणाला होता येईल हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. लूकच्या शुभवर्तमानात एक धर्मशास्त्री, म्हणजे त्या काळचा कायदेपंडितच, येशूला विचारतो की माझा शेजारी नेमका कोण. येशू व्याख्या देत नाही. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची आणि परक्या शोमरोनी वाटसरूची कथा सांगतो. त्या कथेतली जखमांवर तेल ओतणारी करुणा सगळ्यांच्या लक्षात राहते. तिचा शेवट मात्र धर्मशाळेत होतो. शोमरोनी माणूस धर्मशाळावाल्याला दोन नाणी देतो, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो. करुणेला अखेर एक खोली लागली, आणि ती खोली त्या रस्त्यावर आधीपासून उभी होती. जिथं अशी खोली बांधायलाच मनाई आहे, तिथं त्या शोमरोन्यानं काय करावं, हा अमेरिकेतल्या उपनगरांपुढचा धार्मिक प्रश्न आहे.

झोनिंगची कल्पना मुळात वाजवीच. घराला खेटून कातडी कमावण्याचा कारखाना नको, हे कोणालाही पटेल. पण अमेरिकेत या साध्या व्यवस्थेला दुसराच धागा फार लवकर जोडला गेला. बाल्टिमोरनं १९१० साली वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा नियम केला. लुईव्हिलचा तसाच नियम देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९१७ मध्ये रद्द ठरवला. तोवर, १९१६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीनं फक्त एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखलेला पट्टा आखला होता. वंशाचं नाव घेऊन रेघ मारणं बेकायदा ठरलं, पण भूखंड केवढा हवा आणि त्यावर किती चुली पेटाव्यात हे सांगून तीच रेघ मारता येत होती. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं झोनिंगला मान्यता दिली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली. त्याच खटल्यात खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश वेस्टनहेवर यांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं, की असल्या नियमाचा परिणाम माणसांची उत्पन्नानुसार विभागणी करण्यात होतो. त्यांचा निकाल फिरवला गेला. निरीक्षण मात्र शंभर वर्षांनंतरही खरं आहे. लॉस एंजेलिसमधल्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमीन कित्येक दशकं एका कुटुंबाच्या घरांसाठीच राखलेली होती.

या वादात अमेरिकन चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. एकीकडं मालकाचा हक्क, दुसरीकडं गावाचा हक्क. या दोहोंपेक्षा बारीक विचार अठराशे वर्षांपूर्वी ज्यू धर्मशास्त्रात झालेला आहे आणि तो आज मुद्दाम उघडून वाचावा असा आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये ‘बाबा बात्रा’ नावाचा ग्रंथ आहे. त्याचा मोठा भाग शेजाऱ्यांबद्दलच आहे. तेव्हाची घरं एका सामायिक चौकाभोवती असत. चौकात सगळ्यांची ये-जा, सगळ्यांचं धुणं-वाळवण. मग प्रश्न उभे राहत. चौकातल्या घरात कोणी दुकान थाटलं तर? गिऱ्हाइकांच्या वर्दळीनं झोप होत नाही अशी हरकत शेजाऱ्याला घेता येते. पण मुलांच्या आवाजाबद्दल हरकत घेता येत नाही. पुढच्या भाष्यकारांनी ही मुलं म्हणजे घरी शिकायला येणारी मुलं असा अर्थ लावला. सामायिक चौकाकडं नवी खिडकी काढता येत नाही, कारण दुसऱ्याच्या खासगी जगण्यात डोकावणं हीसुद्धा इजाच आहे.

आणि घरावर माडी चढवायची असेल तर? इथं मिश्नाचं उत्तर जवळजवळ आजच्या नियमावलीतलं वाटतं. माडी बांधावी, पण तिचं दार सामायिक चौकात काढू नये. आपल्याच घरातून काढावं. म्हणजे चौकावर नव्या वर्दळीचा भार पडणार नाही आणि घरात माणूसही वाढेल. या विचाराचा गाभा असा, की शेजाऱ्याला हरकत घेता येते ती नेमक्या दाखवता येणाऱ्या त्रासाला. आवाज, डोकावणं, गर्दी. येणारा माणूस कोण आहे, गरीब आहे की भाडेकरू, हा हरकतीचा विषयच होत नाही.

याच ग्रंथात आणखी एक वाद आहे. मुलाच्या लग्नासाठी किंवा विधवा होऊन परतलेल्या मुलीसाठी कोणी लहानसं घर बांधायला जागा घेतली, तर ते किती मोठं असावं? रब्बी अकिवा म्हणतात, चार हात रुंद आणि सहा हात लांब. रब्बी इश्माएल म्हणतात, हा तर गुरांचा गोठा झाला. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर अकिवांचं घर ५४ चौरस फुटांचं होतं. छोटं घर म्हणून ग्रंथात पुढं सहा हात बाय आठ हात असं माप येतं, म्हणजे १०८ चौरस फूट. मुलीला आसरा मिळावा ही एक निकड. आसरा देताना तिला गोठ्यात ढकललं जाऊ नये ही दुसरी. दोन्ही धर्माच्याच बाजू आहेत. परवडणाऱ्या घरांच्या प्रत्येक नियमावलीला आजही या दोहोंच्या मधूनच वाट काढावी लागते.

मिश्नावरच्या चर्चेतून तयार झालेल्या तालमूदमध्ये, चौकाला देवडी बांधावी की नाही या चर्चेच्या ओघात, एक छोटी कथा येते. एका सत्पुरुषाकडं एलिया संदेष्टा बोलायला येत असे. त्या माणसानं आपल्या चौकाला देवडी आणि दरवाजा बांधला, आणि एलिया यायचा थांबला. भाष्यकार कारण देतात: दरवाजामुळं गरिबाची हाक आत पोचेना. विशेष म्हणजे ही कथा सांगूनही शास्त्रकार देवडी बांधू नका असं म्हणत नाहीत, कारण चौकातल्या लोकांनाही सुरक्षितता हवी असते. देवडी आत असावी की बाहेर, कडी कुठल्या बाजूला असावी, दार कसं असावं म्हणजे हाक ऐकू येईल, याचा खल ते करतात. भक्ती दाराच्या कडीपर्यंत नेऊन विचार करण्याची ही पद्धत नगररचनेच्या कामात थेट उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियानं गेल्या काही वर्षांत जे केलं ते याच जातीचं काम आहे, जरी ते धर्माचं नाव न घेता झालं. मुख्य घराच्या आवारात, परसात, गॅरेजच्या जागी किंवा गॅरेजवर बांधलेलं दुसरं छोटं घर, ज्याला तिथं एडीयू किंवा ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, ते कागदावर १९८२ पासून शक्य होतं. गावं मात्र पार्किंगची अट, भूखंडाच्या आकाराची अट, भरमसाट शुल्क आणि जनसुनावणी यांनी ते अडवून धरत. २०१६ पासून राज्यानं एकामागून एक कायदे केले. २०२० पासून नियम असा आहे, की ८०० चौरस फुटांपर्यंतचं आणि १६ फूट उंचीचं एडीयू, बाजूला आणि मागं चार फुटांचं सामासिक अंतर सोडलेलं असेल तर गावाला नाकारता येत नाही. अर्जाचा निकाल ६० दिवसांत द्यायचा, सुनावणी न घेता. ७५० चौरस फुटांच्या आतल्या घरावर विकासशुल्क नाही. म्हणजे त्रास काय तो फुटांत मोजा, माणसाची पारख करू नका. २०१६ साली अख्ख्या राज्यात हजार-दीड हजार एडीयूंना परवानगी मिळाली होती. २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक घरांना मिळाली.

बायबलमध्ये या घराचा पूर्वजही सापडतो. शूनेम गावच्या एका बाईनं अलीशा संदेष्ट्यासाठी आपल्या घराच्या गच्चीवर छोटी खोली बांधून घेतली. आत पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला हक्काचं दार असावं, इतकीच तिची इच्छा. सनीव्हेल किंवा फ्रीमाँटमधली जी मराठी मुलं पुण्या-नाशिकहून येणाऱ्या आईवडिलांसाठी परसात अशी खोली बांधतात, त्यांना ही इच्छा समजावून सांगावी लागणार नाही. म्हातारपणी मुलाच्या संसारात राहूनही स्वतःची चूल आणि स्वतःचं दार असणं यात मोठा मान आहे.

तरीही एडीयूवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. ते बांधायला लाखो डॉलर लागू शकतात. ज्याच्याकडं घर आहे त्यालाच ते जमतं, आणि भाडं बाजारभावानंच ठरतं. ज्याच्याकडं परसच नाही त्याला हा कायदा फार तर भाडेकरू होण्याची संधी देतो. खऱ्या अर्थानं परवडणारी घरं हवी असतील तर जमीन कोणाची तरी सुटावी लागते. इथं प्रश्न पुन्हा देवळाच्या दारात येतो, कारण अमेरिकन शहरांत चर्च, सिनेगॉग, मशिदी आणि मंदिरांकडं जमीन आहे. बर्कली विद्यापीठातल्या टर्नर सेंटरनं २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार एकट्या कॅलिफोर्नियात धार्मिक संस्थांकडं बांधता येण्याजोगी सुमारे ३८,८०० एकर जमीन होती. तिच्यातली बरीचशी वाहनतळाखाली आहे. चर्चमध्ये जितकी आसनं तितक्या प्रमाणात पार्किंग हवं, असा जुना नियम. आठवड्यातून एक सकाळ भरणारं आणि उरलेले दिवस रिकामं पडून राहणारं डांबर म्हणजे नगररचनेनं भक्तांकडून सक्तीनं घेतलेलं दान म्हणावं लागेल.

सॅन डिएगोच्या क्लेअरमाँट लुथरन चर्चला आपल्या वाहनतळाच्या काही भागावर परवडणारी घरं बांधायची होती. पार्किंगच्या नियमानं ती अडली. मंडळींनी पाठपुरावा केला, आणि २०१९ मध्ये शहरानं तो नियम सैल केला. त्यातूनच ‘देवाच्या परसात घरं चालतील’ अशा अर्थाची चळवळ राज्यभर पसरली. २०२० मध्ये पार्किंगपुरता राज्याचा कायदा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिनेटर स्कॉट वीनर यांच्या विधेयकावर राज्यपालांची सही झाली. आता धार्मिक संस्था आणि ना-नफा महाविद्यालयं आपल्या जमिनीवर परवडणारी घरं बांधू शकतात आणि नियमांत बसणारी योजना गावाला झोनिंगच्या नावाखाली रोखता येत नाही. भाड्याची घरं ५५ वर्षं परवडणारीच ठेवण्याची अट आहे. हा कायदा २०३६ च्या सुरुवातीला संपेल. त्याच्या आत जमीन काढणं, पैसा उभा करणं आणि बांधून घेणं हे सगळं व्हायचं आहे.

व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन प्रेस्बिटेरियन चर्चनं यापुढचं पाऊल टाकलं. मंडळी रोडावत चालली होती आणि आसपास काम करणाऱ्यांना त्या भागात राहणं परवडेनासं झालं होतं. चर्चनं आपली जमीन परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थेला विकली. जुनी वास्तू पाडली गेली. २०१९ मध्ये तिथं गिलियम प्लेस नावाची १७३ घरांची इमारत उघडली आणि तळमजल्यावर चर्च भाडेकरू म्हणून परत आलं. ज्या भिंतींत आईबापांची लग्नं लागली, अंत्यविधी झाले, त्या भिंती पाडणं कोणत्याही मंडळीला सोपं नसतं, आणि ज्यांना ते पटलं नसेल त्यांचं दुःखही खोटं नाही. प्रश्न एवढाच, की जागा पवित्र कशानं होते: तिथं जे घडून गेलं त्यानं, की तिथं अजून जे घडायचं आहे त्यानं? संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी होती, की मालमत्ता खासगी असू शकते, मात्र तिचा उपयोग गरजवंतांसाठी खुला असला पाहिजे. आर्लिंग्टनच्या मंडळीनं ही शिकवण जमिनीच्या खरेदीखतात उतरवली, आणि ते प्रवचनापेक्षा अवघड काम आहे.

हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे. सांडपाण्याची वाहिनी जुनी आहे, शाळेत वर्ग भरलेले आहेत, झाडं तुटतील, हे त्रास मोजता येतात आणि त्यांवर उपायही निघतो. लॉस एंजेलिसच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली भीती निराळी आहे: नियम सैल होताच बिल्डर येतील आणि घरभाडं वाढून मूळचेच लोक बाहेर फेकले जातील. ही भीती इतिहासानं शिकवलेली आहे. तिला भाडेकरूंचं संरक्षण हेच उत्तर आहे. पण बऱ्याचदा हरकतीखाली त्रास नसतोच. २०२२ च्या सुरुवातीला वुडसाइड या कॅलिफोर्नियातल्या श्रीमंत गावानं अख्खं गाव पहाडी सिंहांचा अधिवास असल्याचं सांगून एका भूखंडावर दोन घरांना परवानगी देणारा कायदा टाळायचा प्रयत्न केला. राज्याच्या ॲटर्नी जनरलनं आक्षेप घेतला आणि काही दिवसांत गाव मागं सरलं.

माउंट लॉरेलमधली भीती तर तपासूनही झाली. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी इथेल लॉरेन्स वसाहतीचा अभ्यास २०१३ मध्ये पुस्तकरूपानं मांडला. आसपासचे गुन्हे वसाहतीमुळं वाढले नव्हते, घरांच्या किमती पडल्या नव्हत्या, करही चढले नव्हते. वसाहतीत आलेल्या कुटुंबांची कमाई आणि मुलांचं शिक्षण सुधारलं होतं.

मायकेल वॉल्झर या तत्त्वज्ञाचं मत इथं मोलाचं, कारण ते राष्ट्राच्या सीमांचे समर्थक आहेत. १९८३ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनी देशाला आपले सदस्य निवडण्याचा अधिकार दिला. मोहल्ल्याला मात्र दिला नाही. मोहल्ला खुला असला पाहिजे, देशाच्या आत माणसानं कुठंही येऊन राहावं, असं ते मांडतात. गल्लीगल्लीत तट उभे राहण्याचा धोका त्यांना दिसत होता. सीमेवर पहारा ठेवणारा विचारही जिथं पोचत नाही तिथं अमेरिकेची उपनगरं जाऊन बसली आहेत. आणि ज्याला बाहेर ठेवायचं तो सुनावणीत नसतोच. तो दुसऱ्या गावात राहतो, त्याला इथं मत नाही, त्याचं नाव अजून कोणाला ठाऊक नाही. लोकशाहीच्या साध्या हिशेबात तो मोजलाच जात नाही. त्याची बाजू मांडायला धर्माइतकी जुनी परंपरा दुसऱ्या कोणाकडं नाही.

न्यू जर्सीनं वाजवी वाटा उचलण्याच्या कर्तव्याबाबत एक अवघड प्रयोगही करून पाहिला. १९८५ च्या कायद्यात अशी सोय होती, की एखाद्या गावानं पैसे मोजून आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं दुसऱ्या गावाकडं सोपवावीत. श्रीमंत उपनगरांनी पैसे दिले, गरीब शहरांनी घेतले. त्या शहरांना पैशांची गरज होती, पडकी घरं दुरुस्त झाली, हेही खरं. पण गरीब माणूस जिथं होता तिथंच राहिला, आणि शेजार नावाची गोष्ट मात्र विकली गेली. कर वसूल करता येतो, दान पोचवता येतं. कोणाच्या तरी शेजारी राहण्याचं कर्तव्य दुसऱ्याकरवी पार पाडता येत नाही. २००८ मध्ये ही सोय बंद झाली.

मार्च २०२४ मध्ये राज्यानं नवा कायदा करून २०२५ ते २०३५ या दशकातले गावागावांचे वाटे ठरवण्याची पद्धत घालून दिली. माँटव्हेल या गावाच्या पुढाकारानं काही गावं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत याच उपनगरांत आता हजारो मराठी कुटुंबं घरमालक आणि मतदार आहेत. एकेकाळी परके म्हणून आलेली, आता आतल्या बाजूची. नियोजन मंडळाच्या सुनावणीत माइकपुढं उभं राहण्याचा हक्क त्यांनाही आहे, आणि जो माणूस अजून गावात आलेला नाही त्याच्या वतीनं बोलायला दर वेळी तीन-चार माणसं जरी उभी राहिली तरी मंडळाच्या नोंदवहीत हरकतींच्या बरोबरीनं त्यांचं म्हणणंही लिहून घ्यावं लागतं.